डोंबिवलीची बिअर

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नावे उच्चारली म्हणजे मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे काही ठराविक चित्रे उभी राहतात. पहाटेच्या गाडीने कामावर जाणारा आणि दिवेलागणीनंतर घरी परतणारा नोकरदार, नाट्यप्रयोगांना होणारी गर्दी, वाचनालये, आणि वर्षप्रतिपदेची ती शोभायात्रा, जिचा पायंडा डोंबिवलीनेच १९९९ साली पाडला. या चित्रांत बिअरच्या कारखान्याला सहसा स्थान नसते. तथापि २०१४ साली मुंबईतील काही उपाहारगृहांत तोटीतून जी ताजी बिअर पेल्यात पडू लागली, ती कुलाब्याची नव्हती की अंधेरीचीही नव्हती. ती तयार झाली होती डोंबिवलीत. तिच्या कर्त्या संस्थेचे नाव 'गेटवे ब्रूइंग कंपनी'. आणि नवीन मित्तल, कृष्णा नाईक व राहुल मेहरा हे तिचे संस्थापक.

मोठमोठ्या कारखान्यांच्या या काळात तिघांनी मिळून बिअरचा एक छोटा कारखाना काढावा यात नवल ते काय, असे कोणी विचारील. ते समजावयाचे तर प्रथम बिअर म्हणजे काय, ती होते कशी, आणि लहान कारखान्याची बिअर मोठ्या कारखान्याच्या बिअरहून निराळी का, हे पाहिले पाहिजे. पिणाऱ्याला हे ज्ञान असतेच असे नाही. आणि न पिणाऱ्याला ते असू नये असाही काही नियम नाही.

बिअरला संस्कृतात 'यवसुरा' असा एक जुना शब्द आहे. यव म्हणजे जव. जव, पाणी, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट, एवढ्या चार वस्तूंतून ही सारी सृष्टी निर्माण होते. जर्मनीतील बव्हेरिया प्रांताने १५१६ साली जो प्रसिद्ध नियम केला, त्यात जव, हॉप व पाणी या तीनच पदार्थांचा उल्लेख होता. यीस्टचे नाव त्यात नाही. कारण द्रव आंबतो तो एका सजीव सूक्ष्म पदार्थामुळे, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. ते सिद्ध करण्याचे श्रेय पाश्चरकडे जाते. त्याचा बिअरवरील ग्रंथ १८७६ साली निघाला; आणि पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविले.

आपल्याकडील गृहिणीला ही विद्या वाटते तितकी परकी नाही. उसळीसाठी मटकी भिजवून तिला मोड आणतात, तसेच जवालाही मोड आणतात. मोड फुटू लागला की दाण्यात अशी द्रव्ये जागी होतात, की जी त्यातील पिठाचे साखरेत रूपांतर करू शकतात. मोड फार वाढण्याच्या आत दाणे गरम हवेने वाळवितात. हाच माल्ट. तो बेताचा वाळविला तर बिअर सोनेरी होते, अधिक भाजला तर तांबूस, आणि कॉफीप्रमाणे खरपूस भाजला तर काळीभोर. म्हणजे बिअरचा रंग हा बहुतांशी भट्टीचा गुण होय.

हा माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. पीठ विरघळते, त्याची साखर होते, आणि गोड काढा तयार होतो. जवाची टरफलेच गाळणीचे काम करतात, म्हणून माल्ट दळावयाचा नसतो, भरडावयाचा असतो. उरलेला चोथा गुरांचे खाद्य म्हणून उपयोगी पडतो. गाळलेला काढा तास-दीड तास उकळतात व त्यात हॉपची फुले टाकतात. आरंभी टाकलेली फुले कडूपणा देतात, शेवटी टाकलेली सुगंध देतात. कारण सुवासिक तेले वाफेबरोबर उडून जातात. फोडणीत हिंग आधी आणि कोथिंबीर शेवटी का, याचे जे उत्तर तेच येथेही लागू पडते. मग काढा थंड करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते, आणि आपली संख्या वाढविते. एका घाण्यातून निघालेले यीस्ट पुढील घाण्याला लावतात. अगदी कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावावे तसे. विरजण बिघडले की दही बिघडते, आणि यीस्ट बिघडले की सारा घाणा ओतून द्यावा लागतो. म्हणूनच बिअरच्या कारखान्यातील निम्म्याहून अधिक श्रम बिअर करण्याचे नसून भांडी घासण्याचे असतात, असे या धंद्यातील लोक म्हणतात, ते यथार्थ आहे.

यीस्टच्या दोन मुख्य जाती आहेत. एक उबेत, म्हणजे १८ ते २२ अंशांच्या आसपास, काम करते व आठवड्याभरात ते उरकते. तिच्यापासून होणाऱ्या बिअरला 'एल' म्हणतात. दुसरी ८ ते १२ अंशांच्या थंडाव्यात सावकाश काम करते, आणि नंतर बिअर काही आठवडे शीतगृहात मुरावी लागते. ही 'लागर'. बाटलीतून सर्वत्र मिळणारी फिकट पिवळी बिअर ही बहुतेक लागरच असते. ती स्वच्छ, एकसारखी व टिकाऊ असते, आणि लाखो लिटर करता येते. मोठ्या कारखान्यांनी ती पत्करली ती याच गुणांमुळे. त्यांच्या बिअरमध्ये स्वस्ततेसाठी तांदूळ, मका किंवा साखर यांचीही भर पुष्कळदा असते. याउलट लहान कारखान्याला स्वस्तपणात मोठ्याशी स्पर्धा करणे शक्य नसते. त्याला एकच मार्ग मोकळा असतो, तो म्हणजे वैचित्र्याचा.

गेटवेने हाच मार्ग धरला. तिच्या आरंभीच्या बिअरांत 'व्हाइट झेन' ही प्रमुख. ही जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. अशा बिअरमध्ये जवाच्या बरोबरीने, किंबहुना अधिक, गहू असतो. ती गाळून स्वच्छ करीत नाहीत, त्यामुळे ती गढूळ दिसते. पण तो दोष नसून तिचे लक्षण आहे. तिला पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. केळे वा लवंग तिच्यात घातलेली नसते; हा सारा चमत्कार एका विशिष्ट यीस्टचा आहे. कडूपणा अल्प व उन्हाळ्याला सोयीची, म्हणून बिअर नव्याने चाखणाऱ्या भारतीयांना ही जात चटकन रुचली, आणि पुणे-मुंबई-बंगळूर येथील छोट्या कारखान्यांत तिला मानाचे पान मिळाले. गेटवेची दुसरी बिअर 'डॉपलगेंगर'. हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ हुबेहूब दुसरा, जोडीचा असा आहे. तिसरी होती 'इंडिया पेल एल', जिला जगभर 'आयपीए' या तीन अक्षरांनी ओळखतात.

या तिसरीची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे; कारण तिच्या नावातच हिंदुस्थान आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्व भागात, जहाजांच्या गोद्यांपासून जवळच, हॉजसन नावाच्या गृहस्थाचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान त्याच्याकडून बिअर उधारीवर घेत आणि मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे विकीत. चार ते सहा महिन्यांचा, दोनदा विषुववृत्त ओलांडणारा तो प्रवास. हॉपच्या फुलांत बिअर नासविणाऱ्या जंतूंना रोखण्याचा गुण असल्यामुळे भरपूर हॉप घातलेली फिकट बिअर या प्रवासात टिके, इतकेच नव्हे तर बोटीच्या हेलकाव्यांत व उष्ण्यात अधिक चांगली मुरे. हॉजसनने ही बिअर हिंदुस्थानासाठीच शोधून काढली अशी जी आख्यायिका आहे, ती खरी नव्हे. तशा जातीची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप इत्यादींनी या व्यापारात उडी घेतली व हॉजसनला मागे सारले. बर्टनच्या यशाचे कारण तेथील विहिरींच्या पाण्यात होते. त्यात जिप्समचा अंश विपुल असल्यामुळे हॉपचा कडूपणा स्वच्छ व खुसखुशीत उतरे.

बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पाण्याला इतके महत्त्व का, ते कळते. एके काळी ज्या गावी जसे पाणी तशी तेथील बिअर, असा न्याय होता. हल्ली पाण्यातील क्षार आधी काढून टाकतात व मग हव्या त्या बिअरला हवे ते क्षार मोजून मिसळतात. त्यामुळे बर्टनचे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातही तयार करता येते. मुंबई बंदरात उतरणाऱ्या परदेशी बिअरची वंशज दोनशे वर्षांनी मुंबईपासून रेल्वेने अवघ्या ४८ किलोमीटरांवर जन्मास यावी, हा इतिहासाचा एक गमतीचा फेरा म्हटला पाहिजे.

गेटवे ही या प्रांतातील पहिली नव्हे. महाराष्ट्रातील छोट्या बिअर-कारखान्यांचा आरंभ पुण्यास २००९ साली 'डूलाली'ने झाला. सुकेतु तळेकर व प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक, आणि ऑलिव्हर शाउफ हे जर्मन कारागीर तिचे बिअर करणारे. डूलाली हे नावही मूळचे आपल्याकडचेच. नाशिकजवळील देवळाली येथे गोऱ्या शिपायांची छावणी होती. मायदेशी परतणारे शिपाई तेथे बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत; उकाड्याने, तापाने व कंटाळ्याने त्यांची डोकी फिरत. त्यावरून डोके फिरणे या अर्थी 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे मुंबईत 'बार्किंग डिअर' व 'व्हाइट आउल', पुण्यात 'इंडिपेन्डन्स' आणि 'ग्रेट स्टेट एल वर्क्स' अशी नावे पुढे आली. या शेवटच्या कारखान्याने तर कोकम व मीठ घालून बिअर केली. कोकणातले आमसूल आणि युरोपातली आंबट-खारट बिअर यांचा हा विवाह चांगलाच जमला. कारण जर्मनीतही मीठ घातलेल्या आंबट बिअरची जुनी परंपरा आहे.

मात्र डूलालीत व गेटवेत एक महत्त्वाचा भेद होता. पुण्याच्या डूलालीत आरंभी जेथे बिअर तयार होई तेथेच ती प्यावयास मिळे. गेटवेने स्वतःचे पानगृह न काढता कारखाना डोंबिवलीत ठेवला आणि बिअर पोलादी पिंपांत भरून मुंबईच्या उपाहारगृहांना पुरविली. या पिंपांना धंद्यात 'केग' म्हणतात. कुलाब्याचे 'वुडसाइड इन' हे अशा आरंभीच्या गिऱ्हाइकांपैकी एक. तीस लिटरच्या केगमधून ३३० मिलिलिटरचे सुमारे नव्वद पेले भरतात. ऐकावयास ही व्यवस्था सुटसुटीत वाटते. परंतु न तापविलेली ताजी बिअर ही दुधासारखी असते. कारखान्यापासून तोटीपर्यंत ती सतत थंड राहिली पाहिजे. शिळफाट्याची वाहनांची रांग, मे महिन्यातील ऊन, उपाहारगृहातील वीज जाणे, तोटीच्या नळ्या वेळेवर न धुणे, यांपैकी कोणतीही एक गोष्ट महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. आणि गिऱ्हाईक दोष देतो तो बिअर करणाऱ्याला. त्यातून माल्ट व हॉप यांपैकी उत्तम प्रतीचा माल पुष्कळसा युरोप-अमेरिकेतून आणावा लागतो. भारतात राजस्थान, हरियाणा, पंजाब येथे जव पिकतो आणि हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात थोडेफार हॉपही होते. तरी वैचित्र्याच्या बिअरला लागणारे नाना प्रकार येथे अजून पुरेसे मिळत नाहीत.

याखेरीज कायद्याचा प्रश्न आहेच, आणि ठाणे जिल्ह्याला तो नवा नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी व मोहाची दारू यांवर सरकारचा विळखा घट्ट झाला, तेव्हा त्याची झळ ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भंडारी, आगरी व आदिवासी कुटुंबांना विशेष बसली. कारण माड-ताडांच्या झाडागणिक कर द्यावा लागे. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला व एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. काही वर्षांनी ती शिथिल करण्यात आली. पण कायदा रद्द झाला नाही. तो आजही आहे, आणि 'परमिट रूम' हा शब्द त्याचीच खूण होय. म्हणजे दारूबंदीच्याच कायद्याखाली बिअर तयार करण्याचा परवाना मिळतो, अशी ही विलक्षण स्थिती. महाराष्ट्रात बिअर व वाइन यांसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मोठ्या कारखान्याला कायद्यातील बदल सोसण्याचे बळ असते. लहानाला ते नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निर्णयानुसार १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस बंदी झाली. त्याच वर्षी शहरांपुरता या निर्बंधाला अपवाद करण्यात आला. पण मधल्या काळात अनेक पानगृहे बंद पडली व त्यांना बिअर पुरविणाऱ्यांचे गिऱ्हाईक तुटले. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. बाटलीबंद मद्य गोदामात थांबू शकते, ताजी बिअर थांबू शकत नाही. देशभरच्या छोट्या कारखान्यांना टाक्या भरलेल्या असताना आपल्या हातांनी बिअर गटारात सोडावी लागली. पिणाऱ्याविषयी ज्यांना सहानुभूती नसेल, त्यांनीही कारागिराच्या त्या दुःखाची कल्पना करून पाहावी. कुंभाराने भाजलेली मडकी स्वतःच फोडावीत, तसाच तो प्रसंग होता.

वाढ हाही या धंद्यातील एक धोकाच आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी १८९६ सालापासून चालत आलेला 'अँकर' नावाचा कारखाना डबघाईस आला असता १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने तो विकत घेतला व सावरला. जगातील छोट्या कारखान्यांची आधुनिक चळवळ येथून सुरू झाली असे मानतात. हाच कारखाना २०१७ साली एका मोठ्या जपानी कंपनीच्या हाती गेला आणि २०२३ च्या जुलैत तो बंद करण्याची घोषणा झाली. लहान राहावे तर खर्च भागत नाही, मोठे व्हावे तर ज्या गुणासाठी लोक आले तो गुणच निसटतो. हे कोडे केवळ बिअरचे नाही. पापड, मसाले, हातमाग, छापखाना, ज्या ज्या धंद्यात हाताचा गुण विकला जातो, त्या सर्वांपुढे ते उभे आहे. गेटवेच्या संस्थापकांपैकी राहुल मेहरा पुढे टॉनिक वॉटर आणि गोव्यात तयार होणारी जिन या व्यवसायांत शिरले. एका उद्योगात मिळविलेले ज्ञान दुसऱ्यात असे उपयोगी पडते.

येथवर कारागिरीचा गौरव झाला. पण घराघरांतून ऐकल्या जाणाऱ्या भाषणात दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असे वाक्य अनेक सुशिक्षित घरांत ऐकू येते. त्याचा निर्णय साध्या गणिताने लागतो. शासकीय नियमाप्रमाणे ज्या बिअरमध्ये मद्यार्क ५ टक्क्यांपर्यंत असतो ती साधी. ५ च्या वर ८ टक्क्यांपर्यंत ती 'स्ट्राँग'. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरपैकी फार मोठा भाग या दुसऱ्या जातीचा आहे. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरमध्ये तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. म्हणजे एक मोठी स्ट्राँग बाटली ही व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांबरोबर झाली. याउलट ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर पेल्यात १६.५ मिलिलिटर मद्यार्क असतो. तोही शून्य नव्हे. लहान पेगाहून तो थोडा अधिकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या आरंभी स्पष्ट सांगितले आहे की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही. कारागीर कितीही कुशल असो, यकृताला त्याची ओळख नसते.

मग या छोट्या कारखान्यांनी समाजाला दिले तरी काय? एक गोष्ट खचित दिली. कडक, स्वस्त व घाईने चढणारी बिअर हीच बिअर, या समजाला त्यांनी छेद दिला. पेल्यात काय आहे, कोणते धान्य आहे, कडूपणा कोठून आला, मद्यार्क किती, हे विचारण्याची सवय त्यांनी गिऱ्हाइकाला लावली. जो मनुष्य असे प्रश्न विचारतो, तो बहुधा सावकाश पितो. आणि जो सावकाश पितो त्याला थांबणे अधिक सोपे जाते. नशेसाठी पिणे आणि चवीसाठी पिणे यांतील अंतर फार मोठे नसेलही, पण ते अंतर आहे, आणि त्या अंतरात विवेकाला उभे राहावयास जागा मिळते.

रसायनांच्या व कापडाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डोंबिवलीच्या औद्योगिक परिसरात जवाला मोड आणून केलेल्या माल्टचा सुवास दरवळावा, ही त्या गावाच्या चरित्रातील एक लहानशी ओळ आहे. ती अभिमानाने वाचावी की नाराजीने, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र पुढच्या वेळी एखाद्या घरी मटकीला मोड आलेले दिसतील, किंवा रात्री दुधाला विरजण लागेल, तेव्हा ज्या अदृश्य जिवांच्या बळावर बिअरचा हा सारा धंदा उभा आहे, त्यांचेच भाऊबंद आपल्या स्वयंपाकघरातही निमूटपणे राबत असतात, एवढे स्मरले तरी पुरे.